रविवारचं तेल

१४ जुलै, रविवार

हेल्मेट डोक्यात जात नाही. म्हणजे डोकं जातं, अंबाडा जात नाही. अंबाडा सोडून वेणी घातली तर ती पुढे घेऊन मांडीवर ठेवावी लागते, मांजर घेऊन बसल्यासारखी. निपाणीपासून आक्कोळच्या शाळेपर्यंत निम्मं लक्ष रस्त्यावर, निम्मं वेणीवर. शाळेत पोचेपर्यंत मान आखडते आणि मग पहिलीच्या पोरांवर विनाकारण डाफरते.

ही वही आरोहीने दिली. लेक बेळगावला इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, "आई, तुझी चिडचिड ह्यात लिही. मला फोनवर ऐकवू नको आणि बाबांवर तर काढूच नको." म्हणून लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे एक पाय हलतोच आहे.

रविवार म्हणजे तेलाचा दिवस. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. नाव कमला, पण सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते, मीही. लग्न होऊन आले त्या पहिल्याच रविवारी त्यांनी मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं, ते आजतागायत चालू आहे. मधे आरोही झाली, सासरे गेले, मला नोकरी लागली. तेल चुकलं नाही. बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, पूजा करून आल्या की पितळी वाटीत तेल कोमट करायचं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्या बसणार, खालच्या पायरीवर मी. केस गुडघ्याला लागतात. एके काळी लोक वळून बघायचे. आता लांबी तेवढी उरली आहे, दाटपणा गेला. चुलतदिराच्या मुलाच्या लग्नातला माझा पाठमोरा फोटो बघितला आणि कोण ही उंदराच्या शेपटीची बाई म्हणून विचारणार होते.

मला एका जागी बसवत नाही. दारात कोण आलं, गॅसवर काय आहे, सगळीकडे मान वळते. आक्का फणीची पाठ डोक्यावर टेकवतात आणि म्हणतात, "हलू नको." इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी किती ऐकले असतील देव जाणे.

आज मी बोलूनच टाकलं. "आक्का, मी केस कापणार. मानेपर्यंत."

फणी थांबली. मग चालू झाली.

"पर्युषण होऊ दे," म्हणाल्या.

केसांचा आणि पर्युषणाचा काय संबंध? पण 'नको' नाही म्हणाल्या, म्हणून मीही गप्प बसले.

२३ जुलै, मंगळवार

आर्यिका माताजींचा, म्हणजे आमच्या साध्वींचा, संघ चातुर्मासाला गावात आला आहे. आक्का सकाळी बस्तीत जातात त्या मी शाळेला निघेपर्यंत येत नाहीत. पाणी गाळायचं मी, डबे मी, देवाची भांडी मी. हे आपले खताच्या दुकानात जाताना म्हणतात, "जाऊ दे गं, आक्काला तेवढाच विरंगुळा." ह्यांचं सगळं 'जाऊ दे'वर चालतं. वीरेंद्र नाव कुणी ठेवलं कोण जाणे.

४ ऑगस्ट, रविवार

बस स्टँडजवळ सौम्याचं पार्लर आहे. बेळगावला कोर्स करून आलेली, चुणचुणीत पोरगी. सहज म्हणून चक्कर मारली. "बर्री टीचर, कुंद्री," म्हणत तिने मला खुर्चीत बसवलंच. केस वर उचलून दुमडले, मानेशी धरले आणि आरसा दाखवला.

आरशातली बाई मला आवडली. कान दिसत होते. हनुवटी एकदम हुशार दिसत होती. सौम्या म्हणाली, "तुमच्या तोंडाला लई शोभंल, टीचर. कापू?"

आणि मी काय म्हणाले? "घरी विचारून येते." पंचेचाळीस वर्षांची बाई, पन्नास पोरांना हात वर करून उभी करते, आणि घरी विचारून येते! रस्ताभर स्वतःवर चिडले. घरी आले तर आक्का वाटी घेऊन उंबऱ्यावर बसलेल्या. सकाळपासून वाट बघत होत्या म्हणे. निमूट बसले.

१८ ऑगस्ट, रविवार

आक्कांचं काहीतरी बिघडलं आहे.

गेल्या आठवड्यापासून शेजारच्या राजाबाईंच्या चुलीतली गोवरीची राख मागून आणतात. कशाला म्हटलं तर "लागतीया." भांड्यांना म्हणावं तर घरात साबण आहे. आज न्हाणीघराच्या खिडकीत, जुन्या बादलीमागे, करवंटी सापडली. आत राख, आणि राखेत पांढऱ्या केसांची पुंजकी. मुळापासून आलेले केस. तेल लावताना वर मान करून बघितलं तर पदराच्या आत, कानामागे, रुपयाएवढी जागा तुळतुळीत.

माझ्या मावशीचे केस असेच गेले होते. पुढे काय झालं ते लिहीत नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "वय झालंय, जाऊ दे."

२५ ऑगस्ट, रविवार

मी नाही जाऊ दिलं. आक्कांना डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, सगळं ठीक. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही ताण?" आक्का एवढ्या हसल्या की बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काळजीने जीव टाकायचा आणि ह्यांना हसू.

येताना माका-जास्वंदीचं तेल घेतलं, केस गळू नयेत म्हणून. घरी आल्यावर आक्कांनी बाटली फोडली आणि सगळं माझ्याच डोक्यावर चोळलं. "मला कशाला गं? तुझ्याच केसांस्नी लागू दे." मी हलले. फणीची पाठ टेकली.

१८ सप्टेंबर, बुधवार

पर्युषण संपलं. आज क्षमावाणी. दरवर्षी सगळे एकमेकांना हात जोडून वर्षभराची क्षमा मागतात आणि पाचव्या मिनिटाला त्याच माणसाशी भांडायला मोकळे होतात.

मी गॅसवर दूध ठेवलं होतं. आक्का आल्या, हात जोडले. "राजी, चुकलंमाकलं आसंल, क्षमा कर मला." मीही जोडले. नेहमी एवढ्यावर संपतं. आज त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या हातांत धरले आणि सोडेनात. दूध वर येत होतं. मी म्हटलं, "आक्का, दूध जातंय!" आणि हात काढून घेतले.

मग आठवण करून दिली, पर्युषण झालं बरं का. केसांचं काय?

"दसरा होऊ दे की."

१३ ऑक्टोबर, रविवार

दसराही झाला. आता म्हणतात दिवाळी होऊ दे.

शाळेला सुट्टी आहे आणि मी घरात राबते आहे. आक्का चक्क आळशी झाल्या आहेत. बसल्या जागेवरून शिकवत असतात. सांडग्याचं पीठ किती भिजवायचं, आहाराला माताजी आल्या तर काय आधी वाढायचं, देवाच्या कपाटाची किल्ली कशी अर्धी उलटी फिरवायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. स्वतः एकदाच जेवतात. गादी सोडून चटईवर झोपतात, पाठीला बरं वाटतं म्हणे. चांगल्या इरकली साड्या उचलून राजाबाईंना देऊन टाकल्या. मला एखादी नको का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मला राग साडीचा नाही. विचारण्याचा आहे.

तेल लावताना मी सरळ विचारलं. "तुम्हाला मला केस कापू द्यायचेच नाहीत ना? तसं सांगा, म्हणजे मी उगीच वाट बघणार नाही."

त्यांनी एक बट हातात घेतली. गुंता सोडवत होत्या. मग म्हणाल्या, "हाय तवर विंचरू दे की गं."

हट्टी बाई. माझे केस, माझी मान, आणि ह्यांची हौस.

३ नोव्हेंबर, रविवार

लगेच लिहून काढते.

आरोही दिवाळीला आली आहे. दुपारी जेवणं झाली आणि आक्कांनी सगळ्यांना सोप्यात बोलावलं. स्वतः खाली चटईवर बसल्या. म्हणाल्या, "मी दीक्षा घेणार हाय. महाराजांनी माघातला दिवस दिलाय. तुम्ही सगळ्यांनी व्हय म्हणायचं."

हे खाली बघत होते. आरोही माझ्याकडे बघत होती.

आणि मला एकदम सगळं दिसलं. चटई. एकदाच जेवण. साड्या. आणि करवंटीतली राख! दीक्षेत केशलोच असतो, हातांनी केस उपटायचे, राख लावून, म्हणजे पकड येते. हे आमच्या घराण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लहानपणापासून किती केशलोच बघितले मी. आक्का न्हाणीघरात सवय करत होत्या, आणि मी शहाणी, त्यांना डॉक्टरकडे नेऊन केस गळायचं तेल घेऊन आले. राजाबाईंनाही ठाऊक होतं. राख देणाऱ्या बाईला ठाऊक आणि सुनेला नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते असं.

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. हे आठवतं, "तुम्ही जाणार असाल तर मी उद्याच्या उद्या केस कापून येते!"

आक्का शांतपणे म्हणाल्या, "काप की. आता दिवाळी झाली."

उठून परड्यात गेले आणि धुतलेली भांडी परत धुतली.

४ नोव्हेंबर, सोमवार

नाही गेले कापायला. त्या 'काप' म्हणाल्या म्हणून मी कापायचे? मुळीच नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

आज तेलाला बसले नाही. वर जाऊन माझी मीच वेणी घातली. मागे हात पुरत नाहीत, निम्मा गुंता तसाच राहिला. खाली आले तर आक्का उंबऱ्यावरच होत्या. वाटीतलं तेल थिजून पांढरं झालं होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

ह्यांनी 'व्हय' म्हटलं. आरोहीने फोनवर रडत रडत म्हटलं. राहिले मी.

दीक्षेला घरच्यांची संमती लागते. दीक्षा देणारे महाराज सगळ्यांसमोर विचारतात. आक्का म्हणाल्या, "तू न्हाय म्हटलीस तर मी जायाची न्हाय, राजी. मन मारून घरात बसंन. पर तुला व्हय म्हणायला लावल्याबिगर गप बी बसायची न्हाय."

म्हणजे गाठोडं माझ्या डोक्यावर. गावात तर लोक आक्कांची दीक्षेआधीची ओटी भरायला यायला लागले आहेत. आपलं केवढं भाग्याचं घर, म्हणतात. माझ्यासमोर भाग्य, आणि जिन्यात कुजबुज, सुनेनं अडवलंय म्हणं. राजाबाईंनी तर तोंडावर विचारलं, "का गं, सासू देवाच्या वाटंला लागली तर तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय? लिहूनच काढते. त्यांचे गुडघे दुखतात आणि अनवाणी चालायचं. थंडीत एक पांढरी साडी. दिवसातून एकदा ओंजळीत जेवायचं, आणि घासात केस निघाला तर तेवढ्यावर उठायचं. दर दोन-चार महिन्यांनी तो केशलोच. आजारी पडल्या तर मी जवळ असणार नाही, आणि असले तरी मी कुणी नसणार. दीक्षा घेतल्यावर ना मुलगा, ना सून. आणि रविवारी मी काय करू?

हे शेवटचं वाक्य इथे कसं आलं? खोडत नाही. शाईचे डाग पडतात.

८ डिसेंबर, रविवार

मोठ्या माताजींना भेटून आले. भांडायलाच गेले होते. त्यांनी विचारलं, "तुमची हरकत काय आहे?" मी म्हणाले, "घरातलं काम कोण करणार?" एवढी धादांत खोटी हरकत मी जन्मात सांगितली नसेल. काम तर सगळं दसऱ्यापासून मीच करते आहे. माताजींनी ऐकून घेतलं. माझ्या वेणीकडे बघितलं आणि हसल्या. घरी येईपर्यंत कान गरम होते.

चौथा का पाचवा रविवार असेल. तेल नाही. डोकं ठणकतं.

२२ डिसेंबर, रविवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण आरोहीने वही दिली ती ह्यासाठीच.

सकाळी गुंता सुटेना. ओढला, फणीचा दात तुटला. आणि डोक्यात सणक गेली. स्वयंपाकघरातली कात्री घेतली, कोथिंबिरीची, आणि वेणीला लावली. वाटलं, एका फटक्यात मोकळी होईन. कसलं काय! पातळ झाली तरी वेणी कात्रीत मावेना. कच, कच, कच, निम्मी तुटली आणि कात्री रुतून बसली. पुढे जाईना, मागे येईना. एका हाताने कात्री धरलेली, दुसऱ्या हाताने वेणी, आणि अशी मी गॅसपुढे उभी राहून रडायला लागले. कोथिंबिरीचा वास येत होता.

आक्का देवघरातून आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी कात्री काढून घेतली. गॅस पेटवला. वाटी ठेवली. उंबऱ्यावर बसल्या आणि पायरीकडे बोट दाखवलं.

मी बसले. त्यांनी वेणी सोडली, तुटलेले केस वेगळे केले, एक एक बट घेऊन तेल लावलं. किती दिवसांनी. त्यांची बोटं थोडी खरखरीत झाली आहेत, राखेने असतील. मी हुंदके देत होते, डोकं हलत होतं. "हलू नको," म्हणाल्या.

मी म्हणाले, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं आसतं तर तू आषाढातच रुसून बसली आसतीस. मग चार महिनं तेल कुणाला लावलं आसतं मी?"

आणि मग, तशीच, त्यांच्याकडे पाठ असतानाच, मी म्हणाले, "व्हय."

"काय व्हय?"

"जावा. व्हय म्हणते मी."

त्यांची बोटं तेवढीच चालत राहिली. पण डोक्यावर एक गरम थेंब पडला. तेलाचा असेल.

१२ जानेवारी, रविवार

आक्काच म्हणाल्या, चल त्या पोरीकडं. दोघी गेलो सौम्याच्या पार्लरमध्ये. आक्का जन्मात पार्लरची पायरी चढलेल्या नाहीत. डोक्यावरून पदर घेऊन सोफ्याच्या टोकावर बसल्या, आणि भिंतीवरच्या पोस्टरमधल्या बायका निरखत राहिल्या. "हिचं कपाळ लहान हाय, हिला न्हाय शोभत," असं त्यांचं चाललेलं.

सौम्याने माझा अर्धवट कापलेला भाग बघून कपाळावर हात मारला. "टीचर, हे काय, उंदरानं कुरतडलंय?" मग विचारलं, "केवढे ठेवू? खांद्यापर्यंत?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का उठल्या. माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आपल्या हाताने माझे केस वर उचलले, आणि बोटाने सौम्याला दाखवलं. "खांद्यापतोर नगं. हितनं काप. मान दिसू दे तिची. तिची मान लई चांगली हाय. आजपतोर मी सोडून कुणी बघितलीच न्हाय."

मी आरशात बघत होते. मला माझी मान कशी आहे हे माहीतच नव्हतं. कुणाला असतं?

सौम्याने छान कापले. मागे निमुळते, कानाशी थोडे लांब, पुढे गालावर एक बट. डोकं उचललं तर उडूनच गेल्यासारखं वाटलं. मी सारखी इकडेतिकडे बघत होते, आणि मान आखडत नव्हती. आक्कांनी कापून खाली पडलेली लांब वेणी उचलली. मला वाटलं, घेतील ठेवून. त्यांनी ती मांडीवर घेतली, एकदा हात फिरवला, आणि सौम्याच्या हातात दिली. कॅन्सरच्या बायकांना टोप करायला ती केस पाठवते, तसं तिने सांगितलं होतं.

मग आक्का स्वतः खुर्चीत बसल्या. पदर काढला. "माझं बी काप. एवढंच ठेव." अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "चिमटीत धरता यायला पायजेत."

सौम्याला कळलं. तीही जैनांच्या गल्लीतच वाढली आहे. तिचा हात थांबला आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिने कापले.

बाहेर आलो तर हेल्मेट घातलं. बरोबर बसलं. आक्का मागे बसल्या, एका बाजूला पाय सोडून, आणि घरापर्यंत माझ्या उघड्या मानेवर वारा लागत होता.

१३ जानेवारी, सोमवार

पोरं म्हणाली, "बाई, तुम्ही वळखूच येईनासा." एकजण म्हणाला, "ताईगत दिसतासा." दिवसभर खूश होते. घरी आल्यावर खूश असल्याचा राग आला.

हे म्हणाले, "चांगलं दिसतंय." 'जाऊ दे' नाही म्हणाले. नोंद करून ठेवते.

२ फेब्रुवारी, रविवार

आज दीक्षा झाली.

मंडपात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी मिरवणुकीत आक्का हत्तीवर होत्या, नवरीसारख्या सजलेल्या. मंडपात दागिने उतरवून एक एक करून वाटले. मला बांगड्या दिल्या. बायका माझ्या डोक्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. सासू केस उपटायला बसली आणि सून पार्लरातून आली! बघू देत. त्यांना काय माहीत कुणी दाखवलं होतं बोटाने.

महाराजांनी विचारलं, घरच्यांची संमती आहे? हे 'आहे' म्हणाले. मग महाराज माझ्याकडे वळले. मी हातातल्या बांगड्यांकडे बघत राहिले. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच मला त्या घाबरलेल्या दिसल्या. मी दोन्ही हात जोडून जोरात म्हणाले, "आहे." माईकमधून सगळ्या मंडपात गेलं.

मग केशलोच. राख लावली. त्यांनी पहिली चिमूट स्वतः उपटली. पुढचे माताजींनी उपटले. प्रत्येक चिमटीला माझी मान ताठ होत होती. आक्का हलल्या नाहीत. डोळे मिटलेले, तोंडावर काही नाही. मला रविवारची पायरी आठवत होती. एक गुंता ओढला तरी 'आई गं' म्हणून ओरडायची मी, आणि त्या म्हणायच्या, केवढ्याशानं ओरडतीस.

शेवटी पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. नवं नाव पुकारलं. लांब आणि सुंदर नाव आहे. मला अजून तोंडात बसत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गॅसवर वाटी ठेवली आणि तेल गरम केलं. मग लक्षात आलं. आता एवढ्या केसांना तेल लागतंच किती! दोन बोटं बुडवून चोळलं, झालं. बाकीचं तसंच राहिलं. उंबऱ्यावर बसून बघितलं. तिथून अंगण दिसतं, शेजारची भिंत दिसते. पायरीवर मान खाली घालून बसलेल्याला हे काहीच दिसत नाही.

मला आता वाट्टेल तेवढं हलता येतं. घरभर फिरते. एका कामातून दुसऱ्यात. आरोहीने फोनवर विचारलं, "आई, मोकळं वाटतं ना आता?" मी म्हटलं, लई मोकळं. आणि फोन ठेवला.

९ मार्च, रविवार

संघ चिकोडीच्या बाजूला आहे असं कळलं. ह्यांना दुकान होतं. मी एकटीच स्कूटर घेऊन गेले. सकाळी तेल लावलं नाही, लावायचं नव्हतंच.

बस्तीत गेले तर त्या खांबाजवळ चटईवर बसल्या होत्या. वाळल्या आहेत. डोक्यावर पांढरे खुंट उगवले आहेत, बारीक. मी समोर बसून म्हणाले, "वंदामि माताजी." त्यांनी खाली बघतच हात वर केला. वीरेंद्रचं विचारलं नाही. आरोहीचं विचारलं नाही. विचारायचं नसतं, मला माहीत होतं, तरी मी वाट बघत होते. त्या पुस्तकी भाषेत म्हणाल्या, "स्वाध्याय चालू आहे ना?" हे मराठी त्यांच्या तोंडातून मी कधी ऐकलं नव्हतं. मी 'हो माताजी' म्हणाले.

उठताना वाकून डोकं टेकलं. पदर सरकला आणि मान उघडी पडली. त्यांनी आशीर्वादाला पिच्छी पुढे केली. ती डोक्यावर टेकायची असते. ती मानेवर टेकली. मोराच्या पिसांचा तो मऊ स्पर्श थेट कातडीला लागला. मधे केस नव्हते. आणि मला सावरेना. सगळं अंग हलायला लागलं, वाकलेलीच, लोक बघत असताना.

पिच्छी तिथेच राहिली. आणि वरून, अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं, आक्का म्हणाल्या, "हलू नको."

मी हलले नाही.